दोन डोळे राखून

फाटकाची कडी काढून टिकाराम आत आला आणि तिथंच थबकला. घराची समोरची भिंत पांढरीफेक झाली होती. सकाळी तो ड्यूटीवर निघाला तेव्हा तिचे पोपडे निघालेले होते, खिडकीखाली ओल पसरलेली होती आणि सुतळीला धरून जाईची वेल खिडकीच्या गजापर्यंत चढलेली होती. आता भिंतीवर काहीच नव्हतं. दुपारच्या उन्हात ती इतकी चमकत होती की त्याला डोळे बारीक करावे लागले. मग नालीच्या कडेला त्याला वेल दिसली. चुन्याचे शिंतोडे उडालेल्या पोत्यावर ती गुंडाळी होऊन पडली होती, पानं उलटीसुलटी, सुतळीचे तुकडे तिच्यातच अडकलेले. मूळ जमिनीत होतं, पण मातीपासून वीतभर वर खोड पिळवटून उभं फाटलं होतं आणि सालीच्या एका पट्टीवर सगळा भार लोंबत होता. खोड तरी कसलं, करंगळीएवढं. हातातली डब्याची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं फाटकाला हात टेकला.

"बाबूजी, बेल बीच में आ रही थी," शिडीवरून सुखराम पेंटर म्हणाला. "हलके से ही खींचा था मैंने."

सुशीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "मस्त दिसून राहिली ना जी भिंत? रविवारी पाहुणे येतीन त फाटकातूनच घर उजेडाचं दिसन." मग तिनं नवऱ्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं आणि तिचा आवाज थोडा खाली आला. "वाढन पुन्हा. वेलच त हाय."

वेलच तर आहे, असं टिकारामनंही मनात म्हणून पाहिलं. ते खरंच होतं. गोंदियाच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवर गाड्या पुकारायच्या, आधी मराठीत, मग हिंदीत. रोज हजार लोक त्याचा आवाज ऐकत, पण घरी आल्यावर त्याला फारसे शब्द सुचत नसत. त्यानं डबा ओट्यावर ठेवला, चपला काढल्या आणि वेलीशेजारी उकिडवा बसला. फाटलेल्या खोडाला हात लावला तेव्हा आतला भाग ओला लागला. पुष्पांजलीनं ही काडी मैत्रिणीच्या घरून ओल्या रुमालात गुंडाळून आणली होती, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. स्वतःच्या खोलीच्या खिडकीखाली तिनं चमच्यानं माती उकरली होती, कारण कुदळ उचलायची तिला बंदी होती. "बाबा, हे वर गेली ना, त मले पलंगावरूनच वास येईन," ती म्हणाली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पौषात ती गेली त्या दिवशी वेल वीतभर होती आणि तिला सात पानं होती. सात पानं कधी मोजली, हे टिकारामला आठवत नव्हतं. मोजली होती एवढं खरं. तेरवीला माणसं अंगणात बसली तेव्हा तिच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून त्यानं भोवती चार विटा उभ्या केल्या होत्या, आणि गावाकडच्या मंडळींना वाटलं होतं की हे त्यांच्या घरचं काहीतरी कर्मकांड असेल.

त्या दुपारी त्यानं बांबूची कामटी तासली. पुष्पांजलीच्या औषधांचा डबा अजून तिच्याच कपाटात होता. त्यातली पट्टी काढून त्यानं फाटलेल्या दोन्ही बाजू जुळवल्या, कामटीशी बांधल्या आणि वेल तशीच्या तशी पुन्हा खिडकीपर्यंत चढवून गजाला अडकवली. ओल्या चुन्यावर तिचे हिरवे डाग पडले. सुशीलाबाई दारात उभी राहून पाहत होती, पण डागांबद्दल ती काही बोलली नाही. पट्टी कुठून आली हे तिनं ओळखलं असावं.

तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली, चौथ्या दिवशी कडेनं वळली. टिकाराम ड्यूटी सुटल्यावर फुलचूरच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेला. तिथला मंगरू म्हातारा पिशव्यांत माती भरत होता. मान वर न करता त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"किती उंच हाय?"

"माणूसभर."

"अन् फाटली कुठी?"

टिकारामनं जमिनीपासून वीत दाखवली. मंगरूनं हातातली माती झटकली. "मंग कापा. फाटल्याच्या खालून, कोरं पातं घेऊन, तिरपं. खाली दोन डोळे राखा. डोळे समजते ना? पान जिथून फुटते तो गाठीवरचा ठिपका. बाकी सारं काढून टाका."

"सारंच?"

"वरचं जे हिरवं दिसून राहिलं ना तुमाले, ते आता मुळाले खाऊन राहिलं. मुळाजवळ तेवढी ताकद नाई. अन् खत नोका टाकू. आजारी माणसाले कोणी पंगतीत नेऊन बसवते का? थोडं पाणी द्या, सावली द्या, अन् रोज रोज उकरून पाहू नोका." मग त्यानं पहिल्यांदा टिकारामच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "कोणाच्या हातची होय?"

"पोरीच्या," टिकाराम म्हणाला.

"सासरी असन," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा माती भरू लागला. टिकारामनं त्याला दुरुस्त केलं नाही.

पण कापायला त्याचा हात होईना. ती मरू घातलेली पानं पुष्पांजली असतानाची नव्हती, हे त्याला कळत होतं. तिच्या वेळची सात पानं केव्हाच गळून गेली असणार. पण खोडाचा तो खालचा भाग तरी तिनं पाहिला होता, आणि त्यातूनच वरचं सगळं आलं होतं. रोज सकाळी तो कोरं पातं खिशात घालून अंगणात यायचा आणि तसाच ड्यूटीवर जायचा.

रविवारी पाहुणे आले. तिरोड्याच्या शाळेतले मास्तर इंद्रकुमार, त्यांची बायको, आणि त्यांची मुलगी दामिनी. मुलीला आणायची खरं तर रीत नव्हती, पण हिमांशु आणि ती तीन महिन्यांपासून फोनवर बोलत होते, त्यामुळे सगळं मोकळेपणानं चाललं होतं. हिमांशु ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम पाहायचा. सत्तावीस वर्षांचा झाला होता. बहीण गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तो घरात मोठ्यानं हसला. पोहे झाले, चहा झाला. सुशीलाबाईनं दामिनीच्या ओटीत नारळ आणि मोरपंखी साडी घातली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, धान घरात आल्यावर, मार्गशीर्षात करायचं ठरलं. तेवढ्यात मास्तरांच्या बायकोची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"लहान वयात गेली हो. काय झालं होतं?"

"ताप," सुशीलाबाई म्हणाली. "तापानं गेली."

टिकाराम कपाच्या तळाशी उरलेली चहापत्ती पाहत राहिला. हिमांशु उठून पाण्याचा जग आणायला आत गेला. जग समोरच भरलेला होता.

तो ताप नव्हता. पुष्पांजली सात वर्षांची असताना एका हिवाळ्यात तिचे हातपाय सुजले आणि ती तीन दिवस कण्हत राहिली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सिकलसेल सांगितलं, आईबापांच्या रक्तातून पोरांत येणारा आजार. मग तिघांचंही रक्त घेतलं. पुष्पांजलीला लाल कार्ड मिळालं. टिकाराम, सुशीलाबाई आणि हिमांशु, तिघांना पिवळं. पिवळ्या कार्डवाल्याला स्वतःला काही होत नाही, डॉक्टर समजावून सांगत होते, फक्त नवराबायको दोघंही पिवळे असले तर पोरात लाल निघू शकतं. निकाल यायच्या आधीचे आठ दिवस टिकारामनं हे दुखणं बायकोच्या माहेरचं म्हणून तिला ऐकवलं होतं. नंतर त्यानं माफी मागितली नाही, आणि तिनंही तो विषय काढला नाही. दोघांनी मिळून एक गोष्ट मात्र केली, ती म्हणजे हे कोणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांना कावीळ सांगितली, गावाला अशक्तपणा सांगितला. थंडी पडली की पुष्पांजलीच्या हाडांत ते सुरू व्हायचं. "बाबा, आतून कोणी मुसळ मारून राहिला," ती सांगायची, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून उशीचा कोपरा तोंडात धरायची. हे तिला कोणी शिकवलं होतं? टिकारामला हा प्रश्न पडला की तो उठून कुठंतरी निघून जायचा, स्टँडवर नाहीतर रेल्वेच्या पुलापर्यंत. ती गेली त्या सकाळी तो माइकसमोर होता. खिशात फोन तीनदा वाजला. केशोरीची गाडी लागली होती. त्यानं गाडी पुकारली, मराठीत, मग हिंदीत, सगळे थांबे घेऊन, आणि मग फोन काढला.

पाहुणे गेल्यावर त्यानं विषय काढला. "त्याईले सांगा लागन."

"काय सांगा लागन?" सुशीलाबाई कपबशा गोळा करत होती.

"रक्ताचं. दामिनीचं तपासून घ्या म्हणून."

"तुमी तोंड नोका उघडू." तिनं बशी इतक्या हळूच ठेवली की आवाजही झाला नाही. "एक लेकरू गेलं. दुसऱ्याच्या संसारात काऊन माती कालवून राहिले तुमी? सारीच पोरं पिवळी नसतेत. तिचं साफच असन."

"अन् नसन त?"

ती कपबशा उचलून आत निघाली. हिमांशु दारात उभा होता. "मीच सांगीन बाबा तिले," तो म्हणाला. "टाइम आला की सांगीन." त्याचा चेहरा पाहून टिकारामला कळलं की तो सांगणार नाही. मुलाच्या जागी तो असता तर त्यानंही सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पातं काढलं, सुशीलाबाईच्या चहाच्या आधणात बुडवलं आणि फाटल्याच्या खालून वेल कापली, तिरपी, दोन डोळे राखून. एका झटक्यात झालं. वरची माणूसभर वेल गजावरून खाली आली तेव्हा तिला वजनच नव्हतं. जमिनीतून चार बोटांची काडी तेवढी उरली. तिच्या टोकाला रसाचा एक थेंब जमला. तिच्यावर त्यानं जुन्या मच्छरदाणीची सावली केली आणि आंघोळीला गेला.

नऊ दिवसांनी इंद्रकुमार मास्तर स्टँडवर आले. साक्षगंधाची खरेदी करायला गोंदियाला आले होते, हातात दोन पिशव्या होत्या. "म्हटलं व्याह्यांना भेटून गाडी पकडावी," काचेच्या खोलीत वाकून ते म्हणाले. टिकारामनं खुर्ची पुढं केली. तिरोड्याच्या गाडीला वीस मिनिटं होती. मास्तर आचाऱ्याबद्दल बोलत होते, मांडवाबद्दल बोलत होते, आणि टिकारामला एकाएकी गावच्या तलावाची पाळ आठवली. केशोरीकडच्या त्यांच्या गावात तो तलाव त्याच्या आजोबांच्या आजोबांनी बांधलेला होता, आणि पावसाळ्यात आजोबा अनवाणी पाळीवरून चालायचे, कुठं माती मऊ लागते का हे तळपायांनी पाहत. टिकाराम त्यांच्यामागून त्यांच्याच पावलांत पाय ठेवत जायचा. ते मधेच थांबायचे, एकाच जागी उभे राहायचे, आणि त्यांच्या पाठीवरून त्याला कळायचं की काहीतरी लागलं. यापुढचं त्याला आठवेना. आजोबा उभे आहेत एवढंच दिसत राहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "माही पोरगी तापानं नाई गेली."

मग त्यानं सगळं सांगितलं. आवाज त्याचा माइकवरचाच निघाला, सपाट, प्रत्येक शब्द सुटा. लाल कार्ड, पिवळं कार्ड. हिमांशुचं पिवळं. त्याला काही होत नाही, होणारही नाही. पण दामिनीचं एकदा तपासून घ्या. साफ निघालं तर काहीच भीती नाही. आम्हा दोघांचं पिवळंच होतं, आम्हाला ते माहीत नव्हतं.

मास्तरांनी पिशव्या मांडीवर घेतल्या, पुन्हा खाली ठेवल्या. "त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?"

बायकोनं सांगू दिलं नाही, हे वाक्य टिकारामच्या जिभेपर्यंत आलं. "माह्या तोंडून निघालं नाई," तो म्हणाला.

तिरोड्याची गाडी फलाटावर लागली होती. ती त्यालाच पुकारावी लागली. पुकारून मागं वळला तोवर मास्तर निघून गेले होते.

दामिनीचं कार्ड पिवळं निघालं. हिमांशुला ते तिनंच फोनवर सांगितलं आणि दोन दिवसांनी मास्तरांचा निरोप आला की पुढं जायचं नाही. हिमांशु त्या दिवशी जेवला नाही. अंगणात टिकारामसमोर येऊन उभा राहिला. "आमी पाहून घेतलं असतं, बाबा. आजकाल पोटात असतानाच टेस्ट होते."

"अन् लाल निघालं असतं त?"

दोघंही एकाच वेळी पुष्पांजलीच्या खिडकीकडे पाहत होते हे दोघांना एकाच वेळी कळलं, आणि दोघांनीही मान फिरवली. त्या आठवड्यात हिमांशुनं बदली मागून घेतली आणि नागपूरला निघून गेला. बॅग भरताना त्यानं आईच्या पाया पडून घेतलं. बापाच्या पाया पडला नाही. फाटक लावताना मात्र ते आदळू नये म्हणून कडी हातानं धरून हळू लावलं.

सुशीलाबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. भांडण काही झालं नाही. ताट वाढायची, डबा भरायची, पण शब्द नाही. त्या शांततेत हिमांशुला विचारलेला तो प्रश्न टिकारामच्या मागं लागला. एकोणतीस वर्षांपूर्वी, त्याच्या लग्नाच्या वेळी, कोणीतरी येऊन त्याच्या बापाला असंच सांगितलं असतं तर? तर लग्न झालं नसतं. पुष्पांजलीला एकही दुखणं भोगावं लागलं नसतं, कारण ती नसतीच. तिनं चमच्यानं माती उकरली नसती. तो हे असं मांडायचा आणि मग त्याला कोणतीच बाजू धरता यायची नाही. तिचं दुखणं नको होतं, हे तो छातीवर हात ठेवून म्हणू शकत होता. ती नको होती, हे त्याच्या तोंडून मेला तरी निघालं नसतं. आणि मास्तरांना त्यानं जे सांगितलं त्यात कुठंतरी तेच सांगितलं गेलं होतं का? फलाटावर आयांच्या कडेवरची पोरं पाहताना तो गाड्यांची नावं चुकू लागला. एकदा साकोलीच्या गाडीला आमगावची म्हणाला आणि लोक धावत सुटले.

काडी वाळल्यासारखी उभी होती. पौष आला, धुकं आलं. वरचा डोळा काळा पडला आणि बोट लावल्यावर गळून गेला. उकरून पाहू नका म्हणून मंगरूनं सांगितलं होतं, म्हणून टिकाराम माती उकरायचा नाही, पण आठवड्यातून एकदा नखानं सालीला अगदी बारीक ओरखडा काढायचा. खाली हिरवं दिसायचं. दर वेळी थोडं कमी हिरवं, असं त्याला वाटायचं. ओंजळभर पाणी घालून तो उठायचा. पुष्पांजलीचं दुसरं वर्षश्राद्ध झालं, हिमांशु आला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. माघ अर्धा सरला तेव्हा एका सकाळी खालच्या डोळ्याच्या जागी त्याला मोहरीएवढा फुगवटा दिसला. त्यानं चष्मा पुसून पाहिलं. चार दिवसांनी त्यातून तांबूस टोक निघालं, आठवड्यानं दोन पानं सुटली, इतकी कोवळी की त्यांच्यातून ऊन आरपार जायचं. आनंद व्हायला हवा होता. त्याला रडू आलं, आणि सुशीलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती म्हणून तो तसाच पाठमोरा बसून राहिला.

त्याच महिन्यात एका दुपारी दामिनी आली. एकटीच. तिरोड्याच्या बसनं आली होती. टिकाराम कोंबाला आधार म्हणून झाडूची काडी रोवत होता. तिच्या हातात कापडी पिशवी होती. ओट्यावर ती ठेवून ती म्हणाली, "साडी द्यायला आले, काका. घरी सांगून आले आहे."

सुशीलाबाई आतून आली आणि दाराच्या चौकटीतच थांबली. बस म्हणाली नाही, पण गेलीही नाही. दामिनी पायरीवर बसली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"मी तुमच्यावर खूप चिडले होते," दामिनी म्हणाली. "अजून चिडलेलीच आहे. बरं केलं तुम्ही असं आमच्या घरी सगळे म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही." तिनं नाक ओढलं. "हिमांशु तिच्याबद्दल कधी बोलला नाही. माझ्या आयुष्यात एवढं झालं ते जिच्यामुळं, तिचं मला नावापलीकडं काही माहीत नाही. ती कशी होती, काका?"

दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. कशानं गेली हे सगळ्यांनी विचारलं होतं. टिकारामनं तोंड उघडलं. चेहरा समोर होता, आवाजही कानात होता, पण सुरुवात कुठून करायची ते सापडेना. तो झाडूची काडी हातात धरून तसाच बसला.

"ताप नवता तिले," सुशीलाबाई दारातून म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"ताप बीप काही नवता. लय दुखे. लय म्हणजे लय. अन् दुखणं थांबलं की पयले भात मागे, गरम भात अन् लाखोरीच्या डाळीचं वरण. जेवता जेवता मले हासवे. शेजारची बाई कशी चालते ते करून दाखवे, बसल्या बसल्या, नुसत्या खांद्यानं." सुशीलाबाई बाहेर आली, खाली बसली, पिशवी जवळ ओढली आणि साडी काढून दामिनीच्या मांडीवर ठेवली. "हे वापस नोको देऊ. हा रंग तिच्याच पसंतीचा होय. दुकानात मी तिच्याच डोळ्यानं पायला. नेसजो तू." मग ती थांबली नाही. पुष्पांजली कोणत्या बोलण्याला रागवे, बारावीला असताना सिनेमाला जायचं म्हणून कसं खोटं बोलली, दवाखान्यातल्या नर्सेसना तिनं काय काय नावं ठेवली होती, एका मुलाची चिठ्ठी आली तेव्हा कशी दोन दिवस गात होती आणि मग आपणच ती फाडून आईच्या कुशीत कशी रडली. दामिनी तोंडावर पदरासारखी ओढणी धरून ऐकत होती.

टिकारामही ऐकत होता. यातलं निम्मं त्याला माहीतच नव्हतं. त्या मुलाचं नाव काय, हे विचारावंसं त्याला वाटलं, पण मधे बोललो तर ती थांबेल या भीतीनं तो गप्प राहिला.